बाजारालाही तीच, जत्रेलाही तीच : गाडी निवडताना

"भाई, गाडी एकच घ्यायची ऐपत आहे. आठवडाभर बाजार करील आणि जत्रेला बायकामुलांना घेऊन चार रात्री तिच्यातच काढता येतील, अशी कोणती घेऊ?" माजलगाव तालुक्यातील एका मनियार बंधूंनी हा प्रश्न विचारला. असाच प्रश्न गेवराईचे एक आतार, धारूरचे एक पिंजारी आणि नेकनूरच्या बाजारात भेटलेले एक कटलरीवाले यांनीही विचारला होता. प्रश्न साधा वाटतो. परंतु त्यात रोजी, कुटुंबाचा जीव आणि आयुष्यभराची शिल्लक अशा तीन गोष्टी गुंतलेल्या आहेत. म्हणून या वेळी त्याचा जरा विस्ताराने विचार करू.

शहरातले हौशी लोक ज्याला 'कॅम्पर' म्हणतात ती गाडी, म्हणजे आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, पर्यटनासाठी. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा गाड्यांसाठी कॅराव्हॅन पर्यटन धोरणही आणले. आपल्याला त्या थाटाशी कर्तव्य नाही. पण गाडीत संसार करणे आपल्याला नवे आहे असेही कोणी समजू नये. जत्रेत दुकान लावणारा बांगडीवाला, खेळणीवाला, रजया भरणारा पिंजारी, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा शिकलगार हे सर्व पूर्वीपासून बैलगाडीखाली, नंतर मॅटॅडोरच्या हौद्यात आणि आता छोट्या टेम्पोत कुटुंबासह झोपत आले आहेत. लॉजचे भाडे परवडत नाही, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे कारण असे की, माल सोडून जाता येत नाही.

आपले वर्ष कसे जाते पाहा. मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा, २ फेब्रुवारीपासून परभणीचा हजरत तुराबुल हक यांचा उरूस, महाशिवरात्रीला परळी वैजनाथ आणि बीडचे कंकालेश्वर, फाल्गुनात पैठणची नाथषष्ठी, नवरात्रात तुळजापूर, रबीउल अव्वलमध्ये खुलताबाद. एवढ्या ठिकाणी सगळेच जात नाहीत. चार-पाच ठिकाणे केली तरी वर्षाचे वीस-पंचवीस दिवस होतात. उरलेले सव्वातीनशे-साडेतीनशे दिवस गाडी आठवडी बाजाराची, दुकानाची किंवा दारात उभी. गाडी घेणारा बहुतेक वेळा विचार करतो तो त्या वीस दिवसांचा, कारण ते दिवस आठवणीत राहतात. कर्ज मात्र साडेतीनशे दिवसांवर फिटते.

आधी वही, मग शोरूम

शोरूमला जाण्यापूर्वी वहीच्या एका पानावर दोन हिशेब मांडावेत. पहिला किलोमीटरचा. आठवड्याला चार बाजार, येऊनजाऊन सरासरी ६० किलोमीटर, वर्षाचे ४८ आठवडे, म्हणजे ११,५२० किलोमीटर. जत्रा, लग्ने, दवाखाना, औरंगाबादची (आताच्या छत्रपती संभाजीनगरची) खरेदी मिळून आणखी अडीच हजार धरा. झाले सुमारे १४ हजार. लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी यासाठी ११६७ लिटर इंधन पिते, १६ देणारी ८७५ लिटर. फरक २९२ लिटरचा. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाला तीस हजारांवर रक्कम जाते. ही रक्कम मोठ्या आरामशीर गाडीच्या हौसेसाठी आपण दरवर्षी भरणार आहोत काय, हे स्वतःला विचारावे. सी.एन.जी.ची गाडी घेताना आपल्या रोजच्या रस्त्यावर पंप कुठे आहे आणि तिथे रांग किती लागते, हे आधी स्वतः जाऊन पाहावे. टाकी मागच्या जागेत बसवलेली असेल तर नेमकी मालाची आणि झोपायची जागा जाते, हेही विसरू नये.

दुसरा हिशेब वजनाचा. तो जवळजवळ कोणीच करत नाही. गाडीच्या नोंदणीपत्रात (आर.सी. बुकात) रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन असे दोन आकडे असतात. वजाबाकी केली की गाडी किती पेलू शकते ते कळते. समजा कमाल १५०० किलो आणि रिकामी ९५० किलो. उरले ५५०. तीन मोठी माणसे ६५ किलोची, तीन मुले ३० किलोची, मिळून २८५. उरले २६५. गाद्या, भांडी, ४० लिटर पाणी, शेगडी यांचे ८० किलो. उरले १८५ किलो. आता काचेच्या बांगड्यांच्या २२ किलोच्या बारा पेट्या ठेवायच्या तर २६४ किलो हवेत. म्हणजे ही गाडी घर आणि दुकान दोन्ही एका फेरीत नेऊ शकत नाही. सेल्समन म्हणेल, "काही होत नाही, लोक याच्या दुप्पट भरतात." लोक भरतात हे खरे आहे. भरलेली गाडी मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात उतरताना ब्रेक तापून दाबत नाही, हेही खरे आहे.

आतार आणि मणी-मोती विकणाऱ्यांचा माल हलका, कपडा मध्यम, काच आणि लोखंडी भांडी जड, प्लास्टिकची खेळणी हलकी पण जागा खाणारी. म्हणून शेजाऱ्याने घेतली ती गाडी आपण घेणे, यासारखी चूक नाही. शेजाऱ्याचा माल वेगळा असतो.

कागद काय म्हणतो

आता मुख्य मुद्दा. यावर सर्वांत जास्त थांबायचे आहे, कारण इथे चूक झाली तर घर बसते.

आमच्या माहितीतील एक प्रसंग. बाजार करणारे एक गृहस्थ पिकअपमध्ये माल भरून जत्रेला निघाले. पुढे ते आणि मुलगा, मागे हौद्यात मालावर पत्नी, भावजय आणि दोन मुले. रात्रीची वेळ, उसाचा हंगाम. दिवा नसलेली ट्रॉली रस्त्यावर उभी होती. भावजयीचा हात कायमचा गेला. विमा होता, चालू होता, हप्ता भरलेला होता. पण मागे बसलेल्यांचा दावा कंपनीने नाकारला. कारण विचारले तर उत्तर मिळाले, "ही मालवाहू गाडी आहे." त्या दिवशी त्या गृहस्थांना प्रथमच कळले की, विमा गाडीचा असतो तसा तो गाडीच्या कामाचाही असतो.

कायदा असा आहे. मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांचा समावेश झाला. पण फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या इतर प्रवाशांचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी खटल्यात हे स्पष्ट केले. पुढे २००७ मध्ये असेही सांगितले की, मालाचा मालक म्हणजे केबिनमध्ये बसून जाणारा, हौद्यात मालावर बसणारा नव्हे. म्हणजे आपण हौद्यात जी माणसे बसवतो, त्यांना काही झाले तर भरपाई आपल्या खिशातून, आपल्या घरातून, आपल्या शेतातून.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे आणि ती फारच थोड्यांना माहीत असते. अनेकजण म्हणतात, मग पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी घेऊ आणि तिच्यातच माल टाकू. खाजगी गाडीची विमा पॉलिसी काढून 'वापराच्या मर्यादा' हे कलम वाचा. भाड्याने देणे आणि माल वाहणे हे दोन्ही वापर त्यात वगळलेले असतात. सूट असते ती नमुन्यांना आणि स्वतःच्या सामानाला. आताराच्या दोन बॅगा नमुने म्हणून चालून जातील. वीस पेट्या बांगड्या चालणार नाहीत. परिवहन अधिकारी रस्त्यात काय करील ते वेगळेच, कारण मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे माल वाहण्यासाठी वापरलेली कोणतीही गाडी 'मालवाहू गाडी' या सदरात येऊ शकते.

मग दोन्ही कशी जमवावी? आमच्या मते तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता दुहेरी केबिनच्या पिकअपचा. त्यात पुढे दोन आणि मागच्या बाकावर तीन अशा जागा असतात आणि पाठीमागे लहान हौदा असतो. महिंद्राच्या या प्रकारच्या गाडीचे नावच 'बोलेरो कॅम्पर' आहे. नाव ऐकून आत पलंग असेल असे समजू नये. माणसे बंद केबिनमध्ये, पट्टा लावून, नोंदणीत लिहिलेल्या जागेवर बसतात, हा मोठा फायदा. पण कागदावर ती मालवाहूच आहे. म्हणून पॉलिसी घेताना, भाडे न देणाऱ्या प्रवाशांची जबाबदारी जादा हप्ता भरून घेता येते काय आणि ती किती आसनांसाठी, हे एजंटाला तोंडी न विचारता पॉलिसीवर लिहून घ्यावे. लिहिलेले नसेल तर ते नाही असे समजावे.

दुसरा रस्ता आम्हाला सर्वांत शहाणपणाचा वाटतो आणि तो स्वस्तही आहे. गाडी मालाचीच घ्या. जत्रेला माल आणि तुम्ही गाडीतून जा, बायकामुलांना एस.टी.ने पाठवा. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या वडीलधाऱ्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. जत्रेच्या ठिकाणी गाडी उभी राहिली की मग तिच्यात झोपा, जेवा, चार रात्री काढा. चालत्या मालगाडीत कुटुंब बसवणे धोक्याचे आणि विम्याबाहेरचे, पण उभ्या गाडीत झोपण्याला कोणाची हरकत नाही. यावर काही बंधू नाक मुरडतील. "स्वतःची गाडी असताना घरच्यांना एस.टी.त?" असे म्हणतील. त्यांनी वर सांगितलेला प्रसंग पुन्हा वाचावा. एस.टी.चा संप झाला तर काय, असाही एक सवाल येतो. तो रास्त आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या संपात बाजारकरूंचे फार हाल झाले आणि त्याच काळात अनेकांनी घाईने गाड्या घेतल्या. पण चाळीस वर्षांतून एखादे वर्ष असे येते म्हणून रोजची निवड त्यावर करू नये. सप्टेंबर २०२५ पासून बीड-अहिल्यानगर रेल्वेही सुरू झाली आहे, त्या दिशेला जाणाऱ्यांना आणखी एक सोय आहे.

तिसरा रस्ता हलक्या मालवाल्यांचा. घरगुती व्हॅन घ्यावी, जत्रेचा जड माल दोघा-तिघांनी मिळून एका भाड्याच्या टेम्पोत पाठवावा आणि त्याची पावती ठेवावी. भाडे चार ठिकाणी विभागले जाते आणि आपली गाडी कागदाप्रमाणेच वापरली जाते.

परवान्याविषयी एक दिलासा आहे. ज्या मालवाहू गाडीचे भरलेले वजन ३००० किलोपेक्षा जास्त नाही तिला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही. फिटनेस प्रमाणपत्र मात्र लागते, पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. लायसन्सविषयीही आता गोंधळ नको. हलक्या मोटारीचे लायसन्स असलेला माणूस ७५०० किलोच्या आतील मालवाहू गाडी चालवू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आणि घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो कायम ठेवला. स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकाने १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा पॉलिसीत आहे ना, तेही पाहून घ्यावे.

गाड्यांविषयी

मारुती ओम्नीने आपल्या लोकांची मोठी सेवा केली. १९८४ मध्ये ती मारुती व्हॅन म्हणून आली, चार वर्षांनी ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये सुरक्षिततेचे नवे नियम आल्यावर तिचे उत्पादन बंद झाले. ७९६ सी.सी.चे इंजिन, सरकते दरवाजे, कोणत्याही गावात दुरुस्ती. आजही बीडच्या एम.एच. २३ आणि अंबाजोगाईच्या एम.एच. ४४ नंबरच्या अनेक ओम्नी फिरताना दिसतात. पण ड्रायव्हरच्या पायापुढे पत्र्याशिवाय काही नाही, हे लक्षात ठेवून ती घ्यावी. घाटरस्त्याला आणि रात्रीच्या प्रवासाला आम्ही तिची शिफारस करणार नाही. जुनी घेतलीच तर खालचा पत्रा गंजला आहे काय, सरकत्या दाराची पट्टी झिजली आहे काय आणि गॅसचे किट आर.सी.वर नोंदले आहे काय, हे तीन आधी पाहावे. घरगुती सिलिंडरमधून गॅस भरणारी गाडी तर फुकट मिळाली तरी घेऊ नये.

तिच्या जागी आज इको आहे, २०१० पासून. १.२ लिटरचे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, त्यामुळे भरलेली गाडी चढाला बरी चालते. इंजिन पुढच्या सीटखाली असते. गाडी उभी केल्यावर तो भाग तास-दीड तास तापलेला राहतो. उन्हाळ्यात रात्री डोके मागच्या दाराकडे करून झोपणे चांगले. पाच आसनांच्या गाडीत मागे मोठी मोकळी जागा मिळते, सात आसनांत ती जाते. घरात सात माणसे आहेत म्हणून सात आसनांची घेण्याचा मोह होतो. पण सात माणसे बसल्यावर सामान कुठे ठेवणार? इकोची कार्गो ही वेगळी, मालवाहू आवृत्ती आहे. दोन्ही दिसायला सारख्या असल्या तरी कागद वेगळे आहेत, हे बुकिंग करताना पाहावे.

बोलेरो २००० सालापासून आपल्या भागाची ओळखीची गाडी. फ्रेमवर बांधलेली, खराब रस्त्याला टिकाऊ, पुन्हा विकताना किंमत देणारी. पण इंधनाचा हिशेब वर दिला आहे आणि २०२० नंतरच्या अनेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत जी गाळणी असते ती केवळ चार-पाच किलोमीटरच्या थांबत-थांबत फेऱ्यांनी तुंबते. ज्यांच्या फेऱ्या गावातल्या गावातच आहेत त्यांनी पेट्रोल पाहावे. अर्टिगासारखी गाडी घरासाठी उत्तम, शेवटचे बाक दुमडून सपाट जागा होते. व्यापाऱ्याच्या मालासाठी मात्र ती नाही.

टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ मध्ये आला. दोन सिलिंडरचे लहान इंजिन, केबिनमध्ये चालक आणि एक माणूस. वर सांगितलेल्या दुसऱ्या रस्त्यासाठी हीच गाडी डोळ्यासमोर आहे. तिचा हौदा सुमारे सात फूट लांब आणि पाच फुटांना थोडा कमी रुंद असतो. म्हणजे दोन मोठी माणसे आणि एक मूल पाय लांब करून झोपू शकतात. लाखोंच्या गाडीतही हे नेहमी जमत नाही. चढाला ती संथ आहे. पण बाजाराला दहा मिनिटे उशिरा पोचल्याने कोणाचे दिवाळे निघालेले ऐकिवात नाही.

हौद्यातले घर

गाडीत पक्का पलंग, ओटा, लोखंडी पोटमाळा वेल्डिंग करून बसवू नका. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कंपनीने ठरवलेल्या रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. असा बदल केलेली गाडी फिटनेसला अडते आणि अपघातात विमा कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते. पिंजारी बंधूंनी पिंजण्याचे यंत्र गाडीवर कायमचे बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात लेखी विचारावे. आपल्याला हवे ते सुटे हवे, चढवता-उतरवता येणारे. आठ फूट बाय चार फुटांच्या प्लायवूडमधून सहा फुटांची फळी कापून घ्यावी. तिच्याखाली सारख्या उंचीच्या मालाच्या पेट्या. दिवसा हीच फळी दुकानाचे टेबल, रात्री बिछाना. उरलेल्या दोन फुटांच्या तुकड्याची पायरी होते. जड पेट्या हौद्याच्या पुढच्या बाजूला, केबिनला टेकवून आणि दोरीने बांधून ठेवाव्यात. केबिनच्या मागे सुटी पेटी असणे म्हणजे डोक्यामागे दगड ठेवणे.

ताडपत्रीला दोन्ही बाजूंनी हातभर उघडता येणारी झडप ठेवावी, आतून मच्छरदाणी. हवा खेळती राहिली पाहिजे. इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. बंद गाडीत किंवा बंद ताडपत्रीखाली शेगडी, स्टोव्ह किंवा गॅस पेटवून ठेवू नये. इंजिन चालू ठेवून ए.सी. किंवा हीटर लावून झोपू नये. कोळसा, गॅस किंवा पेट्रोल अर्धवट जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतला माणूस जागाच होत नाही. माळेगावच्या थंडीत ताडपत्री घट्ट बांधून आत निखारे ठेवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. थंडीला रजई घ्या, रजया तर आपल्याच बंधूंच्या हातच्या असतात. स्वयंपाक गाडीपासून दहा पावलांवर, उघड्यावर.

पंख्याचा प्रश्न साधा आहे. बारा व्होल्टचा, पंधरा वॅटचा लहान पंखा रात्रभर आठ तास चालला तर १२० वॅट-तास, म्हणजे दहा अँपिअर-तास लागतात. गाडीच्या मूळ बॅटरीवर तो चालवला तर सकाळी गाडी ढकलावी लागेल. म्हणून २५-३० अँपिअर-तासांची वेगळी जुनी-नवी बॅटरी ठेवावी आणि निम्म्याच्या खाली उतरू देऊ नये. दिवे चार्जिंगचे वापरावेत.

बायकांच्या सोयीचा विचार पुरुष शेवटी करतात, तो सर्वांत आधी हवा. जत्रेत जागा पकडताना दुकानाचा मोका बघितला जातो. गाडी उभी करायची जागा मात्र नळ आणि संडासापासून किती पावलांवर आहे हे बघून ठरवावी, मग भले ती दुकानापासून लांब असो. तीन बाजूंनी पडदा लावता येईल अशी दोरी आणि चार कड्या गाडीला बांधून ठेवाव्यात. एका भगिनीने आम्हाला सांगितले की, चार दिवसांच्या जत्रेत त्या दुपारनंतर पाणी पीतच नसत. हे ऐकल्यावर गाडीत काय असावे आणि काय नसावे यावरच्या आमच्या बऱ्याच कल्पना बदलल्या.

पैसा आणि नाव

नवी की जुनी, रोख की हप्त्यावर, हे ज्याने त्याने ठरवायचे. व्याज टाळायचे असेल तर भिशी, भावांकडून बिनव्याजी उसने किंवा चार-पाच वर्षे वापरलेली गाडी असे मार्ग आपल्याकडे चालत आलेले आहेत. शिल्लक सगळी गाडीत घालू नये, एका हंगामाच्या मालाचे पैसे बाजूला ठेवूनच गाडी घ्यावी. मालाशिवाय गाडी काय कामाची?

जुनी गाडी घेताना पैसे दिले, चावी घेतली आणि नावावर करायचे राहिले, असे फार होते. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. फॉर्म २९ आणि ३० व्यवहाराच्या दिवशीच सह्या करून घ्यावेत, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्रही. विम्याचे नाव बदलण्याचा अर्ज चौदा दिवसांत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदणीत ज्याचे नाव तोच अपघाताला जबाबदार. म्हणून जुनी गाडी विकणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. दोन भावांनी मिळून गाडी घेतली तर ती एकाच्याच नावावर चढते. दुसऱ्याचा हिस्सा शंभराच्या नव्हे तर योग्य किमतीच्या मुद्रांकावर लिहून ठेवावा. भावाभावांत कसला कागद, असे म्हणणाऱ्यांची भांडणे आम्ही गाडी विकायच्या वेळी पाहिली आहेत.

माजलगावच्या त्या मनियार बंधूंनी शेवटी काय केले, हे वाचकांना विचारावेसे वाटेल. त्यांनी तीन वर्षे वापरलेला छोटा हत्ती घेतला, नावावर करून. पेट्या केबिनला टेकवून बांधतात. परळीच्या जत्रेला घरची मंडळी एस.टी.ने आली, दोन पिशव्या आणि एक मच्छरदाणी घेऊन. फळी त्यांनी स्वतः कापली, पण चार बोटे आखूड, त्यामुळे त्यांचे पाय बाहेर राहतात. पुढच्या हंगामाला नवी फळी करणार आहेत.